पावसाचा काटा कुणाच्या हाती?



कापसाच्या काट्यावर आपण आयुष्यभर भांडलो. माल आपला, पण वजन करणारा दुसरा, प्रत ठरवणारा तिसरा आणि कटती लावणारा चौथा. ज्याच्या हाती काटा त्याच्या हाती भाव, हे आपल्याला कुणी शाळेत शिकवले नाही. आपण ते अनुभवाने शिकलो. आता तसाच दुसरा काटा आपल्या वावरावर टांगलेला आहे. तो पावसाचा आहे. आभाळ फाटते आपल्या शिवारात, आणि किती पाऊस झाला हे ठरवते भलत्याच गावात उभे असलेले यंत्र.

पूर्वी झड लागायची. दोन-दोन, चार-चार दिवस रिपरिप चालायची, पण सारा तालुका सारखा भिजायचा. अशा पावसाला तालुक्यात एक पर्जन्यमापक असला तरी चालून जात होते. ढगफुटीचा पाऊस तसा नसतो. एका तासात १०० मिलिमीटर, आणि तोही वीस-तीस चौरस किलोमीटरच्या टापूत, याला हवामान खाते ढगफुटी म्हणते. म्हणजे चार-पाच गावांची शिवारे धुऊन निघतात आणि पलीकडच्या गावात लोक डवरणी करत असतात. असा पाऊस आधी पडत नव्हता असे नाही. पण हवा एक अंशाने तापली की तिच्यात सुमारे सात टक्के जास्त वाफ मावते. ढगात जास्त पाणी, ते ओतलेही जाते एकदम. तेव्हा हे संकट पुढे वाढणार आहे, हे धरूनच चालले पाहिजे.

याचा हिशेब साधा आहे. एक हेक्टरवर १०० मिलिमीटर पाऊस म्हणजे १० लाख लिटर पाणी. वीस चौरस किलोमीटरवर तेच २०० कोटी लिटर होते. आपली काळी जमीन भिजली की फुगते, भेगा मिटतात, आणि मग पाणी आत मुरत नाही. ते सारे उताराला लागते, धुरे-बांध फोडते, आणि गाळाने भरलेल्या एका नाल्यातून, रस्त्याखालच्या दोन नळ्यांच्या मोरीतून वाट काढू पाहते. वाट मिळाली नाही की ते वावरातून जाते. पऱ्हाटी दोन दिवस पाण्यात राहिली की ऊन पडताच माना टाकते. भरात आलेली ज्वारी आडवी होते, दाणा काळा पडतो, आणि काळ्या दाण्याला बाजारात कुणी विचारत नाही.

आता मोजमापाकडे येऊ. २६ जुलै २००५ या दिवशी मुंबईत सांताक्रूझच्या केंद्रावर ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्याच दिवशी कुलाब्याच्या केंद्रावर नोंद झाली ७३ मिलिमीटरची. दोन्हीत अंतर वीस-पंचवीस किलोमीटरचे. मुंबईत तेव्हा एकच यंत्र असते आणि ते कुलाब्याला असते, तर सरकारी कागदावर शहर बुडालेच नसते! मुंबईत दोन यंत्रे होती म्हणून जगाला खरे कळले. आपल्याकडे एका महसूल मंडळात वीस-पंचवीस गावे असतात आणि यंत्र एक. ते यंत्र आपल्यासाठी कुलाबा ठरते की सांताक्रूझ, हे नशिबावर सोडलेले आहे.

पुन्हा नियम कसा? मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरच्या वर नोंद झाली तर ती अतिवृष्टी. मोजणीचा दिवस सकाळी साडेआठला संपतो. दिवसभर संथ पडून ६६ मिलिमीटर भरले तर अतिवृष्टी, आणि एका तासात ६० मिलिमीटर कोसळून माती घेऊन गेला तर नाही. पहाटेपासून दहापर्यंत ८० मिलिमीटर झाला, पण निम्मा साडेआठच्या आधी आणि निम्मा नंतर, तर वहीत दोन दिवस ४०-४० लिहिले जाणार. नोंद भरली की पंचनाम्याचा रस्ता सरळ. नाही भरली की आपले नुकसान झाले हे आपणच कचेरीच्या पायऱ्यांवर सिद्ध करत बसायचे. केंद्राच्या आपत्तींच्या यादीत ढगफुटी हा शब्द आहे. पण तासाची नोंद गावात नसेल तर ती झाली हे सांगणार कोण?

विम्याची गोष्ट तशीच. पंतप्रधान पीक विमा योजना २०१६ च्या खरिपात आली. तिच्यात पुराचे पाणी शेतात साचणे ही स्थानिक आपत्ती मानली होती. २०१८ च्या सुधारित नियमांत ढगफुटीचीही भर पडली. बहात्तर तासांत खबर द्यायची आणि त्या शेतकऱ्याच्या वावरात येऊन पाहणी व्हायची. त्यात त्रास होता, पण तत्त्व बरोबर होते: पाऊस ज्या वावरात, मोजणी त्याच वावरात. २०२५ च्या खरिपात राज्य सरकारने एक रुपयाचा विमा बंद केला, आणि त्याबरोबर स्थानिक आपत्तीचे कलमही काढून टाकले. उरली ती पीक कापणी प्रयोगावरची भरपाई, म्हणजे मंडळाची सरासरी. त्याच वर्षी सप्टेंबरात धाराशिव, बीड, लातूर, सोलापूर पाण्याखाली गेले. पाच गावांचे पीक बुडाले आणि वीस गावांचे वाचले, तर सरासरी वाचलेल्यांच्या बाजूने बोलते. बुडालेला माणूस सरासरीत दिसत नाही.

पिकाचे एक वर्ष जाते, मातीच्या पिढ्या जातात. एक हेक्टरवरची एक सेंटिमीटर माती म्हणजे सव्वाशे टनांच्या आसपास वजन. ती तयार व्हायला शेकडो वर्षे लागतात आणि जायला एक दुपार पुरते. ऑक्टोबर २०२५ मध्ये सरकारने खरडून गेलेल्या जमिनीला हेक्टरी ४७ हजार रुपये रोख आणि रोजगार हमीतून ३ लाखांपर्यंतचे काम जाहीर केले. जमीन हेही नुकसान आहे, एवढे तरी त्यात मान्य झाले. पण किती माती गेली हे जोवर वावरात कुणी मोजत नाही, तोवर आकडा कागदावरच राहणार.

आणि हा केवळ पैशांचा प्रश्न नाही. ३० जुलै १९९१ ला वर्धा नदीच्या पुराने नरखेड तालुक्यातले मोवाड उद्ध्वस्त केले. दोनशेवर माणसे गेली. पूर नेहमी वरून येतो. वरच्या शिवारात तासाभरात किती कोसळले हे खालच्या गावाला वेळेवर कळले, तर निदान माणसे आणि जनावरे उंचावर नेता येतात.

सरकार म्हणेल, गावोगावी यंत्र परवडत नाही. मग २०२३ मध्ये केंद्राने विंड्स नावाची योजना आणली, तिच्यात ग्रामपंचायतीला पर्जन्यमापक लावायचे कुणी लिहिले? आपण नवे काहीच मागत नाही, लिहिलेले करा म्हणतो. ही भीक नाही. आपल्या मालाचे वजन आपल्यासमोर करा, एवढेच हे मागणे आहे.

म्हणून जिल्हा बैठकीत हे ठराव आम्ही मांडत आहोत. प्रत्येक ग्रामपंचायतीला पर्जन्यमापक, आणि त्याची दर तासाची नोंद गावातल्या फळ्यावर. अतिवृष्टी ठरवताना चोवीस तासांच्या आकड्याबरोबर तासाचा जोरही धरावा. विम्यात स्थानिक आपत्ती आणि वावरातली पाहणी परत आणावी. मोरी आणि पूल बांधताना नाल्याला येणाऱ्या पाण्याचा हिशेब ग्रामसभेत वाचून दाखवावा.

पण ठराव करून घरी बसायचे नाही. सरकार यंत्र देईल तेव्हा देईल. सपाट बुडाचा, सरळ भिंतीचा डबा झाडापासून, छपरापासून दूर, मोकळ्यावर ठेवा. पाणी पट्टीने मोजा. जितके मिलिमीटर पाणी, तितके मिलिमीटर पाऊस. रोज सकाळी साडेआठला मोजून डबा रिकामा करा. जोराचा पाऊस असेल तर तासातासाला आकडा घ्या. वहीत तारीख, पाऊस सुरू झाल्याची आणि थांबल्याची वेळ आणि नाला काठाबाहेर आल्याची वेळ लिहा. खाली शाळेच्या गुरुजींची आणि दोन शेजाऱ्यांची सही घ्या. एका गावची वही साहेब बाजूला सारेल. पण शेजारच्या पाच गावांच्या वह्या एकच आकडा सांगू लागल्या, तर मंडळाच्या यंत्राला उत्तर द्यावे लागेल.

मृगाआधी प्रत्येक गावात एक डबा आणि एक वही तयार असली पाहिजे. पुढच्या बैठकीला येताना ती वही घेऊन या.