टेकडी मोजताना पायथा कोण ठरवणार?

दक्षिण तुकोगंजातल्या आमच्या गच्चीवरून लहानपणी रालामंडलचा डोंगर दिसायचा. आता मध्ये इमारती उभ्या आहेत. इंदूरचा २०२१पर्यंतचा मास्टर प्लॅन २००८मध्ये लागू झाला होता, त्याची मुदत सरली. पॅट्रिक गेडिस यांनी होळकर दरबारासाठी १९१८मध्ये या शहराचा अहवाल लिहिला. आधी पाहणी आणि मगच आराखडा, ही त्यांची रीत होती. त्याच रीतीने नव्या आराखड्याआधी आपल्या टेकड्या लायडारने मोजून घ्याव्यात आणि त्या मोजणीचे नियम लोकांसमोर ठरवावेत, असं माझं म्हणणं आहे.

१. लायडारमध्ये विमानातून किंवा ड्रोनमधून सेकंदाला लाखो लेझर किरण जमिनीवर सोडतात आणि ते परतायला लागलेल्या वेळावरून अंतर काढतात. काही किरण झाडाच्या शेंड्यावरून परततात, काही पानांच्या फटींतून मातीपर्यंत पोचतात. त्यामुळे एकाच उड्डाणात झाडांची उंचीही कळते आणि त्यांच्याखालची जमीनही. जुलै २०२४मध्ये रेवती रेंजच्या टेकडीवर एका दिवसात बारा लाखांहून अधिक रोपं लावली गेली. त्यांतली किती वाढली, हेही अशा मोजणीतून बऱ्याच अंशी समजेल.

२. खरा प्रश्न पायथ्याचा आहे. यंत्र शिखराची उंची वीतभराच्या आत सांगेल, पण टेकडी कुठून सुरू होते ते माणसंच ठरवतात. अरवलीच्या बाबतीत हेच घडलं. भोवतालच्या जमिनीपासून शंभर मीटर किंवा जास्त उंच असेल तीच अरवली टेकडी, ही व्याख्या सर्वोच्च न्यायालयाने २० नोव्हेंबर २०२५ रोजी मान्य केली. उंची मोजायची ती टेकडीला पूर्ण वेढणाऱ्या सर्वांत खालच्या समोच्च रेषेपासून. लोक रस्त्यावर उतरले आणि २९ डिसेंबरला न्यायालयानेच त्या निर्णयाला स्थगिती दिली.

हा निकष माळव्यात लावून पाहा. इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंचीवर आहे, रालामंडलचा माथा सुमारे ७८० मीटरवर. शहरातून मोजलं तर डोंगर सव्वादोनशे मीटरांहून उंच भरतो. पण पठार दक्षिणेकडे चढत जातं, म्हणून डोंगराला वेढणारी रेषा शहराच्या पातळीपेक्षा वरून जाते आणि आकडा घटतो. रालामंडल तरी मोठा आहे आणि अभयारण्यही आहे. पितृपर्वतासारख्या ठेंगण्या टेकड्यांचं काय होणार? शंभराच्या चाळणीतून त्या सरळ खाली पडतील आणि कागदावर ‘सपाट जमीन’ होतील. पायथा कुठे धरायचा हे एखाद्या बंद खोलीत ठरणं मला मान्य नाही.

३. उंबरठ्याचा आकडा किती निष्ठुर असतो, ते इंग्लंडमध्ये दिसलं. काफ टॉप हा डोंगर २०१६मध्ये नव्याने मोजला तेव्हा ६०९.६०६ मीटर भरला. दोन हजार फूट म्हणजे ६०९.६ मीटर. सहा मिलिमीटरांनी तो ‘पर्वत’ झाला! तिथे त्याचा आनंद गिर्यारोहकांना झाला. आपल्याकडे अशा फरकावर सुरुंग लावायची परवानगी ठरेल.

४. म्हणून उंचीऐवजी उतार आणि पाणी पाहावं. पुण्यात एकास पाचहून तीव्र उतारावर बांधकाम नको, हे तत्त्व डोंगरमाथा-डोंगरउताराच्या नियमात आहे. त्यावरून पुण्यात भांडणं पुष्कळ झाली, तरी उतार हा निकष उंचीपेक्षा प्रामाणिक आहे. आपल्या दक्षिणेच्या उंचवट्यांवर पडलेलं पाणी कान्हेतून क्षिप्रेला जातं. टेकडी चाळीस मीटरांची असो की दोनशेची, तिच्या उतारावरचा मुरूम उकरला की पाणी मुरायचं थांबतं आणि खालच्या वस्तीत शिरतं. ज्यांच्या शेतजमिनी अशा उतारावर आहेत त्यांच्यावर अन्याय नको. त्यांना मोबदला मिळावा आणि आपल्या खसऱ्याची मोजणी तपासून हरकत घेता यावी.

५. यंत्राला ओळख नसते. देवगुराडियाजवळच्या ट्रेंचिंग ग्राउंडवर सुमारे १३ लाख टन जुना कचरा साचला होता. तो २०१८मध्ये हटवला नसता तर लेझरच्या लेखी तोही उंचवटाच ठरला असता. मोजणीनंतर पायी फिरून खात्री करणारी माणसं हवीतच.

६. साधनं नाहीत, ही सबब चालणार नाही. शहरी जमिनींच्या मोजणीचा ‘नक्शा’ कार्यक्रम १८ फेब्रुवारी २०२५ रोजी आपल्याच राज्यात, रायसेनला सुरू झाला. त्यात लायडारचीही सोय आहे. २०२२च्या राष्ट्रीय भूस्थानिक धोरणात २०३०पर्यंत देशभराच्या उंचीचं प्रारूप करायचं ठरलं आहे. अचूकता सपाट प्रदेशात २५ सेंटिमीटर, डोंगराळ भागात एक ते तीन मीटर. आमचं पठार यांपैकी कशात गणणार, हे आजच विचारायला हवं, कारण तीन मीटरांच्या चुकीत मुरुमाची अख्खी खदान लपू शकते.

७. पहिलं उड्डाण पानगळीत व्हावं. रालामंडलचा साग तेव्हा उघडा असतो आणि जास्त किरण मातीपर्यंत पोचतात. दुसरं उड्डाण दोन वर्षांनी त्याच दिवसांत करावं. पहिल्या जमिनीतून दुसरी वजा केली की किती घनमीटर डोंगर गेला आणि कोणत्या खसऱ्यातून गेला, हे निघतं. दोन्ही नकाशे मागण्याची वाट न बघता प्रत्येक झोन कार्यालयात लावले जावेत.