"आमच्या आया करतच होत्या की!"

बाळंतपणानंतर कामावर परतलेल्या बाईने पाजायला वेळ आणि जागा मागितली, की भोर-वेल्ह्यात हे उत्तर ठरलेलं. भरपावसात भाताची लावणी चालायची, तान्हं बांधावरच्या झाडाला झोळीत असायचं, रडलं की आई हात धुऊन पाजायची. कुठे होता तेव्हा कायदा?

वर्णन खरं आहे, निष्कर्ष उलटा. (त्या झोळीतली किती मुलं पावसात आजारली, हे या आठवणींत कधी येत नाही.) त्या बाईला जमलं, कारण बाळ हाकेच्या अंतरावर होतं. भोरहून नीरा ओलांडून शिरवळच्या कारखान्यात जाणारीचं बाळ घरी राहतं.

यावर दुसरा वार होतो: 26 आठवडे भरपगारी रजा मिळते ना? प्रसूती लाभ कायद्यातल्या 2017 च्या दुरुस्तीने ती मिळाली, हे मोठंच काम झालं. पण त्यातले 8 आठवडे प्रसूतीआधी घेतले, तर बाई परतते तेव्हा मूल जेमतेम चार महिन्यांचं असतं. पहिले सहा महिने फक्त आईचं दूध द्यावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणूनच मूल 15 महिन्यांचं होईपर्यंत दिवसातून दोनदा पाजण्याची सुट्टी कायद्याने दिली आणि 50 कामगारांच्या आस्थापनेला पाळणाघर बंधनकारक केलं. या दोन्ही गोष्टी एकत्रच हव्यात. बाळ भोरला असेल, तर शिरवळात मिळालेल्या सुट्टीत आई पोचणार कशी?

"साचलेलं दूध बाधतं" ही समजूतही चुकीची आहे. अंगावरचं दूध नासत नाही. ते वेळेवर काढलं नाही, तर गाठी होतात आणि दूध आटतं. स्वच्छ, झाकणाच्या भांड्यात काढून ठेवलेलं दूध चार तासांच्या आत वाटी-चमच्याने पाजता येतं. त्यासाठी कामावर आडोशाची खोली आणि हात धुवायला पाणी लागतं, एवढंच.

मालकांवर बोजा पडतो, हा आक्षेप तर फार जुना. 1928 मध्ये मुंबई कायदेमंडळात डॉ. आंबेडकरांनी आईची विश्रांती राष्ट्रहिताची मानली आणि खर्चाचा मोठा भार सरकारने उचलावा, असं सांगितलं. पुढच्याच वर्षी मुंबई प्रांतात प्रसूती लाभाचा कायदा झाला.

खरी अडचण आकड्यांत आहे. रोजगार हमीच्या कामावर पाच लहान मुलं असतील, तर ती सांभाळायला एक बाई नेमून तिला मजुरी द्यावी लागते. वेल्ह्याच्या विखुरलेल्या वाड्यांत पाच मुलं एका जागी जमणं कठीण, आणि छोट्या कारखान्यात 50 कामगार नसतात. तेव्हा पाळणाघर कामाच्या ठिकाणापेक्षा गावाला जोडावं. अंगणवाडीतच पाळणाघर चालवणारी केंद्राची 'पाळणा' योजना सहा महिन्यांपुढच्या मुलांसाठी आहेच. डोंगरी वाड्यांत ती लावणीच्या आधी सुरू करावी, आणि त्याहून लहान बाळांची सोयही तिथेच करावी.