पेठ नाक्यावरून डावीकडे

ऑगस्टचा पहिला रविवार हा आपल्याकडे मैत्रीचा दिवस. संयुक्त राष्ट्रांनी २०११ मध्ये त्यासाठी ३० जुलै ही तारीख ठरवली. पण भारतातली कॉलेजे आणि भेटकार्डांची दुकाने रविवार सोडायला तयार झाली नाहीत. तेच बरे झाले. मनगटाला फिती बांधण्याचे वय उलटून गेलेल्यांनाही रविवारी सुटी असते, आणि सुटीच्या आदल्या रात्री जुन्या वर्गमित्रांच्या व्हॉट्सअॅप गटावर कोणीतरी हमखास विचारतो, ‘सकाळी सांगलीला जायचं का?’ बहुतेक वेळा त्यावर चार अंगठे उमटतात आणि विषय संपतो. एखाद्या वेळी मात्र उजाडता उजाडता तिघे-चौघे खरोखरच कात्रजच्या बोगद्यापलीकडे पोहोचलेले असतात. आजचा हा मजकूर त्या एखाद्या वेळेविषयी आहे.

सांगलीत १९४७ पासून अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. तिथे शिकलेल्यांच्या नोकऱ्या मात्र पुण्यात. दोन गावांतले अंतर सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर. एवढे जवळ, म्हणूनच जाणे होत नाही. अमेरिकेत स्थायिक झालेला वर्गमित्र सहा महिने आधी तिकीट काढतो, भारतात उतरतो आणि चार दिवस सांगलीत काढून जातो. पुण्यातला ‘आपलं काय, कधीही जाता येतं’ म्हणत बाणेरच्या वाहतूककोंडीत बसलेला असतो. दरम्यान घरचे वाटे होतात, आईवडील पुण्याला येतात, सांगलीच्या विश्रामबागेतला बंगला विकला जातो, आणि गावी जाण्याचे रीतसर कारणच उरत नाही. तिथून पुढे फक्त मित्र उरतात.

या उरलेल्यांसाठी आता ‘रियुनियन’ नावाचा सोहळा निघाला आहे. महाबळेश्वरच्या बाजूला एखादे रिसॉर्ट, सगळ्यांना एका रंगाचे टी-शर्ट, डोक्यावर भिरभिरणारा ड्रोन आणि माणशी वर्गणी. ती वर्गणी ज्यांना जड जाते त्यांची त्या दिवशी नेमकी काहीतरी अडचण निघते. वखारभागात वडिलांचे दुकान सांभाळणारा, शाळेत कंत्राटावर शिकवणारा, हळदीच्या व्यापाऱ्याकडे हिशेब लिहिणारा, हे समूहचित्रात दिसत नाहीत आणि त्याबद्दल कोणी विचारतही नाही. ठरवाठरवी न करता निघालेल्या गाडीचा मोठा गुण हा, की तिला वर्गणी नसते. ती थेट दुकानाच्या दारात जाऊन उभी राहते.

वाटेत खंबाटकीचा घाट लागतो. कराडपर्यंत जुन्या भांडणांची उजळणी होते. पेठ नाक्यावर महामार्ग सोडून डावीकडे वळले की पुढे इस्लामपूर, ज्याचे नाव आता ईश्वरपूर झाले आहे. मग आष्टा, मग सांगली. या रस्त्याच्या खड्ड्यांवर दोन पिढ्यांनी विनोद केले. चौपदरी काँक्रीटचे काम सुरू झाल्यापासून तो विषयही हातचा गेला. फोन करायचा तो या वळणावर. ‘पेठ नाक्यावर आहोत.’ पलीकडून आधी एक शिवी येते आणि मग हुकूम: ‘जेवायला घरीच यायचं. बाहेर कुठं खाल्लंत तर बघा!’

इथे जरा थांबायला हवे, कारण अशा भेटींची वर्णने हा हुकूम ऐकून सुखावतात आणि पुढे सरकतात. हुकूम सोडणारा मित्र असतो. कणीक भिजवणारी तो नसतो. रविवारी सकाळी अकरा वाजता, तासाभराच्या सूचनेवर, चार जास्तीच्या माणसांचा स्वयंपाक उभा करणाऱ्या वहिनीला हसतमुख म्हणून जावे हा सोयीचा रिवाज आहे. न सांगता जाण्याची हौस पाहुण्यांची, राबणूक दुसऱ्या कोणाची. जुन्या मैत्रीला तर हेही जमले पाहिजे की मित्राने सरळ सांगावे, ‘आज घरी नको, हिला बरं नाही, हरिपूरला बाहेर बसू,’ आणि आलेल्यांच्या मनात किंतु येऊ नये.

शिवाय त्या गाडीत मुली का नसतात? वर्गात त्याही होत्या. त्यांना मूळ गावी जायचे तर ते माहेरी जाणे ठरते. त्याला वार, निमित्त आणि सासरचा होकार लागतो. श्रावणात पंचमीला लेकीने माहेरी यायचे ही आपली रीत. ज्या पेठ नाक्यावरून डावीकडे सांगली, तिथूनच उजवीकडे नागपंचमीसाठी नाव झालेले बत्तीस शिराळा. माहेरी आलेली ती भावाच्या घरात, आईच्या औषधांत अडकते. मैत्रिणी तर आपापल्या सासरी पांगलेल्या. रात्री दहाला ठरवून सकाळी सहाला निघणे ही चैन अजून तरी बरीचशी पुरुषांची आहे.

सांगलीत पोहोचल्यावर पहिला प्रश्न ‘कसा आहेस’ हा नसतो. ऑगस्टमध्ये तो ‘पाणी किती?’ असा असतो. कृष्णेवरचा १९२९ चा आयर्विन पूल हीच इथली मोजपट्टी: चाळीस फुटांना इशारा, पंचेचाळीसला धोका. २०१९ मध्ये मैत्रीचा रविवार ४ ऑगस्टला आला आणि त्याच आठवड्यात पाणी साडेसत्तावन्न फुटांपर्यंत चढले. हरभट रोड, मारुती रोड बुडाले. हरिपुरात हळद जमिनीखाली पेवांत साठवायची जुनी पद्धत. त्यातली बहुतेक पेवे २००५ च्या पुरातच निकामी झाली होती. पाणी ओसरल्यावर काही गाड्या पुण्याहून अशाच, कोणाला न कळवता निघाल्या. डिकीत फावडी, खराटे, फिनेलचे डबे. मित्राच्या दुकानातला गाळ उपसायचा, भिजलेला माल रस्त्यावर काढून टाकायचा आणि रात्री परत फिरायचे. त्या फेऱ्यांचे फोटो फारसे कोणी काढले नाहीत. आजही गप्पा रंगात आल्या की कोण आले होते हे दुकानदाराला नेमके आठवते. कोण आले नव्हते तेही आठवते, पण ते तो बोलत नाही.

उलट दिशेच्या प्रवासाचे काय? सांगलीचा मित्र पुण्याला येतच असतो: मुलीच्या प्रवेशासाठी, वडिलांच्या तपासण्यांसाठी. पण आपल्या सोसायटीच्या फाटकावर त्याला आधी वहीत नाव लिहावे लागते, मग रखवालदार मोबाइलवर आपली मंजुरी मागतो, ती येईपर्यंत तो पिशवी घेऊन बाजूला उभा. पेठ नाक्यावरच्या त्या फोनसारखा फोन त्याने वाकडच्या चौकातून कधी केलेला नाही. काम उरकून, स्वारगेटजवळ काहीतरी खाऊन तो एसटी पकडतो. आपल्याला कळते ते महिन्या-दोन महिन्यांनी, बोलण्याच्या ओघात. का नाही आलास विचारले, तर म्हणतो, ‘मधला वार होता रे, म्हटलं तू कामात असशील.’