खंडी म्हणजे नेमकी किती? नावाचे माप आणि अंगाचे माप

१/ समाजमाध्यमांवरील इतिहासलेखनात सध्या एक उद्योग फार तेजीत आहे. जुन्या कागदातील आकडा उचलायचा, त्याला एका ठरावीक गुणकाने गुणायचे आणि ‘आजच्या हिशेबाने इतके टन’ असे ठणकावून सांगायचे. वऱ्हाडच्या कापसाच्या बाबतीत हा उद्योग निव्वळ अज्ञान पसरवतो. तो का थांबला पाहिजे, हे सांगण्यासाठी हा धागा.

२/ आरंभी लाकडाचे उदाहरण घेऊ. अमेरिकेत ‘दोन बाय चार’ या नावाने विकले जाणारे लाकूड प्रत्यक्षात दीड बाय साडेतीन इंच भरते. दोन बाय चार हे मुळात ओल्या, खडबडीत कापलेल्या लाकडाचे माप. वाळताना आणि रंध्याखाली ते घटले. नाव मात्र टिकले. आपल्याकडेही वखारीतून आणलेले सागवान रंधून चौकट होईपर्यंत काही सूत झिजतेच. म्हणजे एका वस्तूला दोन मापे असू शकतात: एक नावाचे, दुसरे अंगाचे.

३/ आता बुलढाणा जिल्ह्यात, खामगावला येऊ. १८५३च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली गेला. १८६१–६५च्या अमेरिकन यादवी युद्धात तिकडचा कापूस अडला आणि इंग्लंडच्या गिरण्यांची नजर इकडे वळली. १८७०मध्ये जलंब–खामगाव रेल्वेफाटा सुरू झाला. खामगाव ही कापसाची नामांकित पेठ झाली. या व्यापाराचे मोठे माप होते खंडी.

४/ खंडी म्हणजे किती? कोष्टक सांगते: ४० शेरांचा मण, २० मणांची खंडी. पाठांतराला सोपे, इतिहासाला अपुरे. कारण मण कोणता? मुंबईचा मण २८ पौंडांचा, म्हणजे सुमारे १२.७ किलोंचा. बंगाली मण सुमारे ८२.३ पौंडांचा, म्हणजे ३७.३ किलोंचा. दोन्ही ४० शेरांचेच. नाव एक, वजनात जवळजवळ तिपटीचा फरक.

५/ गुंतागुंत इथे संपत नाही. मुंबईच्या बाजारात कापसाची खंडी ७८४ पौंडांची धरली जाई. २८ पौंडांच्या मणाने भागून पाहा: उत्तर २० येत नाही, २८ येते. कोष्टकातील खंडी वीस मणांची, कापसाची अठ्ठावीस मणांची. ‘दोन बाय चार’चा हा आपला सख्खा भाऊ; फरक इतकाच की इथे नावापेक्षा अंग मोठे आहे.

६/ परिणाम पाहा. समजा, एखाद्या कागदात ‘१०० खंडी कापूस’ अशी नोंद आहे. मुंबईच्या मणाने आणि कोष्टकाने: २५.४ टन. कापसाच्या खंडीने: ३५.६ टन. बंगाली मणाने: ७४.६ टन. ओळ तीच, उत्तरे तीन. यातले सर्वांत मोठे उचलून कोणी ‘वऱ्हाडचे वैभव’ लिहितो, कोणी ‘वऱ्हाडची लूट’. दोघांचाही पुरावा एका न विचारलेल्या प्रश्नावर उभा असतो.

७/ गाठींचेही तसेच. ब्रिटिशकालीन आकडेवारीत कुठे ३९२ पौंडांची गाठ भेटते (दोन गाठी मिळून बरोबर एक खंडी), तर कुठे ४०० पौंडांची. आजची सरकारी आकडेवारी १७० किलोंची, म्हणजे सुमारे ३७५ पौंडांची गाठ धरते. तेव्हाच्या आणि आताच्या गाठी सरळ शेजारी मांडून प्रगती वा अधोगती सिद्ध करणारा तक्ता म्हणूनच फसवा ठरतो.

८/ यावर ठरलेले उत्तर येते: ‘म्हणजे हे सगळे मापात पापच!’ हा निष्कर्षही घाईचा आहे. मुंबईच्या दलालाला आणि खरेदीदाराला, दोघांनाही कापसाची खंडी किती पौंडांची हे ठाऊक होते; भाव त्याच मापावर ठरे. नाव आणि अंग यांत अंतर असणे ही फसवणूक नव्हे. ते अंतर व्यवहारातील एकालाच ठाऊक असते, तेव्हा फसवणूक सुरू होते.

९/ हा प्रश्न केवळ दप्तरातला नाही. १९५६च्या कायद्याने देशाने दशमान मापे स्वीकारली, तरी रुईचा भाव आजही सुमारे ३५६ किलोंच्या खंडीवर सांगितला जातो. ती खंडी म्हणजे जुने ७८४ पौंडच. शेतकरी मात्र सरकीसह कापूस क्विंटलने विकतो. क्विंटलभर कापसातून साधारण ३३ ते ३५ किलो रुई निघते; म्हणून एका खंडीला सुमारे साडेदहा क्विंटल कापूस लागतो. खंडीच्या भावाला ३.५६ने भागून ‘शेतकऱ्याचा हक्काचा भाव’ जाहीर करणारा त्याची बाजू बळकट करत नाही. सरकीची किंमत आणि पिंजणी-दाबणीचा खर्च धरून मांडलेला हिशेबच बाजारात टिकतो. चुकीचा आकडा खऱ्या तक्रारीलाही खोटे पाडतो.

१०/ म्हणून मित्रांनो, गुणाकार करण्यापूर्वी कागदाला चार प्रश्न विचारा. माल कोणता? पेठ कोणती? वर्ष कोणते? आणि मोजणारा कोण, विकणारा की घेणारा? उत्तरे मिळाली तर किलो लिहा. न मिळाल्यास ‘१०० खंडी’ असेच लिहा आणि वाचकाला तसे स्पष्ट सांगा. खंडीभर चुकीच्या टनांपेक्षा एक प्रामाणिक खंडी इतिहासाच्या अधिक उपयोगाची आहे.

(समाप्त)