हवालदारांचे गद्य

मराठीत 'हवालदार' म्हटले की डोळ्यांपुढे उभा राहतो तो चौकीवरचा पोलीस, आणि बहुधा विनोदी कथेतला. पलटणीतला हवालदार आपल्या वाङ्मयीन स्मरणातून जवळजवळ हद्दपार झाला आहे. वास्तविक शिवकालीन पायदळात दहा माणसांमागे एक नाईक आणि पाच नाईकांवर एक हवालदार असे. कंपनीच्या फौजेत ही नावे होती, आणि आजच्या भारतीय सेनेतले नॉन-कमिशन्ड हुद्देही तीच धारण करतात.

परंतु आमचा मुद्दा हुद्द्यांच्या नावांपुरता नाही. आधुनिक मराठी वैचारिक गद्याची एक वाट पलटणीतून आली आहे आणि आपल्या अभ्यासक्रमांत ती पुरेशी दिसत नाही, असे आम्हांला वाटते.

एकोणिसाव्या शतकात मुंबई इलाख्याच्या फौजेत महार शिपाई लक्षणीय संख्येने होते. गावच्या शाळेची पायरी ज्यांना बंद होती, त्यांच्या कुटुंबांत अक्षर पोहोचले ते पलटणीच्या शाळेतून. सुभेदार रामजी सकपाळ लष्करी शाळेत मुख्याध्यापक होते, हे आपण डॉ. आंबेडकरांच्या चरित्रात वाचतो आणि पुढे सरकतो. हवालदार म्हणून निवृत्त झालेले गोपाळबाबा वलंगकर दापोलीस स्थायिक झाले. १८८८ साली त्यांनी अस्पृश्यतेविषयी सवर्णांना प्रश्न विचारणारी पुस्तिका लिहिली. पुढे, १८९२च्या सुमारास महारांची भरती थांबली, तेव्हा त्याविरुद्ध १८९४ साली सरकारकडे अर्ज करण्यातही तेच पुढे होते. अर्ज हाही युक्तिवादाचाच लेखनप्रकार आहे, हे आपण सहसा लक्षात घेत नाही.

यावर आक्षेप येईल की ती फौज साम्राज्याची होती, मग तिचे गोडवे का गावेत? गोडवे गाण्याचा प्रश्नच नाही. 'लढाऊ जमातीं'चा सिद्धांत मांडून दार बंद करणारे इंग्रजच होते. पहिल्या महायुद्धात गरज पडताच १९१७ साली त्यांनी महारांची पलटण उभारली आणि १९२१ साली ती मोडली. बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली ती १९४१ साली, दुसऱ्या महायुद्धाच्या गरजेपोटी. म्हणजे रेजिमेंटची कवाडे सरकारच्या सोयीने उघडत आणि मिटत. मात्र ती उघडी असताना जे साक्षर झाले, त्यांनी त्या अक्षरांचे काय केले, याचे श्रेय सरकारचे नव्हे. ते लिहिणाऱ्यांचे आहे.

वर्गात आपण चिपळूणकरांची 'निबंधमाला' तिच्या शैलीसह शिकवतो. वलंगकर मात्र फुल्यांच्या परंपरेतले एक नाव म्हणून एका ओळीत येतात. परिणामी, दलित गद्य १९६० नंतर अचानक उगवले, असा समज घेऊन विद्यार्थी बाहेर पडतो. निबंधाच्या अभ्यासपत्रिकेत 'निबंधमाले'शेजारीच वलंगकरांची पुस्तिका ठेवावी, परिशिष्टात नव्हे. दोन्ही एकाच पिढीच्या मराठीत लिहिलेली आहेत; त्यांतला फरक विद्यार्थ्याने स्वतः वाचून ठरवावा.