म्हातारपणाची तरतूद कोणी करावयाची?

दिवाळी पंधरा दिवसांवर आली की तालुक्याच्या गावी एखाद्या मंगल कार्यालयात महिला व्यावसायिकांचे प्रदर्शन भरते. मसाले, पापड, कुरडया, शिवलेले झबले, गोधड्या, फराळाचे डबे. कोणाचे ब्युटी पार्लर असते, कोणाची पिठाची गिरणी, कोणाचे साड्यांचे दुकान. भाडे व खर्च वजा जाता जे उरते, त्यातून हा गट वृद्धाश्रमाला धान्य देतो, विरंगुळा केंद्रात खुर्च्या टाकतो, मोतीबिंदूच्या शिबिराला जाणाऱ्यांचे गाडीभाडे भरतो. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांना दुपारचा डबा पोहोचविण्याचे कामही काही ठिकाणी अशा गटांनी अंगावर घेतले आहे.

या उद्योगाकडे पाहण्याच्या दोन तऱ्हा समाजवादी कार्यकर्त्यांत आढळतात. एक, हा दुकानदारणींचा दानधर्म आहे, त्याच्याशी चळवळीला कर्तव्य नाही, असे म्हणून नाक मुरडण्याची. दुसरी, प्रमुख पाहुणा म्हणून जाऊन मातृशक्तीचा गौरव करण्याची आणि शाल-श्रीफळ घेऊन परतण्याची. दोन्ही तऱ्हा सोयीच्या आहेत, कारण दोहोंतही विचार करावा लागत नाही.

स्त्रियांनी एकत्र येऊन धंदा करणे ही महाराष्ट्रात नवलाई नव्हे, आणि तिचे मूळ दानधर्मात तर मुळीच नाही. 1959 साली गिरगावात सात स्त्रियांनी 80 रुपये उसने घेऊन पापड लाटावयास सुरुवात केली. त्यातून उभ्या राहिलेल्या लिज्जतमध्ये लाटणारी बाई मजूर नसून भागीदार असते, नफ्यात तिचा वाटा असतो. 1975 साली प्रेमाताई पुरव यांनी गिरणगावातील खानावळवाल्यांना संघटित करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले आणि सावकाराच्या व्याजाखाली पिचलेल्या या बायांना राष्ट्रीयीकृत बँकेचा दरवाजा उघडून दिला. गावाकडे कुटुंब ठेवून आलेले गिरणी कामगार या बायांच्या चुलीवर जेवत होते. 1952 च्या कायद्याने त्या कामगाराला भविष्यनिर्वाह निधी मिळाला, पण त्याला दोन वेळ जेवू घालणारीला मिळाला नाही. 1982 चा संप सुरू झाला तेव्हा त्याचा पगार थांबला आणि तिची उधारी बुडाली. तथापि श्रमिकांच्या नुकसानीच्या हिशेबात तिची उधारी क्वचितच मांडली गेली. म्हातारपणाची तरतूद कोणासाठी असते व कोणासाठी नसते, याचा उलगडा या एका उदाहरणात होतो.

आज प्रदर्शन भरविणाऱ्या स्त्रिया वृद्धांच्याच सेवेकडे का वळतात, हा प्रश्न फारसे कोणी विचारीत नाही. दयाबुद्धी हे उत्तर अपुरे आहे. 2019 च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीनुसार घरकाम करणाऱ्या स्त्रीचे दिवसाला 299 मिनिटे बिनमोल घरकामात जातात आणि घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषाची 97. म्हाताऱ्यांची शुश्रूषा हे आणखी निराळे काम, आणि तेही बव्हंशी सुनेच्याच वाट्याला येते. जी बाई सकाळी नऊला दुकानाचे शटर वर करते, तिच्या घरी अंथरुणाला खिळलेली सासू असते किंवा विसरभोळे झालेले सासरे असतात. दुपारी ती दोनदा घरी धावते आणि तेवढे गिऱ्हाईक जाते. वृद्धांसाठी दिवसभराचे केंद्र ही तिच्या लेखी धंद्याची गरज आहे, फक्त ती हे उघड बोलत नाही. घरच्या म्हाताऱ्यांची अडचण होते असे म्हणणे सुनेला आजही महागात पडते. म्हणून ती सेवा म्हणते.

लहान मुलांच्या बाबतीत कामगार चळवळीने हे ओळखले होते. 1948 च्या कारखाना कायद्याने स्त्रिया कामाला असलेल्या कारखान्यांवर पाळणाघराची सक्ती आणली आणि पाळणाघर ही मालकाची मेहेरबानी राहिली नाही. वृद्धांच्या देखभालीसाठी अशी मागणी चळवळीने कधी नेटाने पुढे रेटली नाही. जे चळवळीला सुचले नाही ते या बायकांनी फराळाच्या नफ्यातून, तुटपुंजे का होईना, करून दाखविले.

आता शासनाकडे वळू. 2011 च्या जनगणनेत साठ व त्यावरील वयाचे 10.38 कोटी लोक होते. त्यांत स्त्रियांची संख्या पुरुषांपेक्षा अधिक होती. घटनेच्या 41 व्या कलमात वार्धक्यात सार्वजनिक साहाय्य मिळण्याचा हक्क आहे, परंतु 'आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत' या शब्दांची कुंपणभिंत त्याला घातलेली आहे. 2007 च्या आईवडील व ज्येष्ठ नागरिक कायद्यात प्रत्येक जिल्ह्यात निदान 150 निराधारांची सोय होईल असा एक वृद्धाश्रम सांगितला आहे, पण राज्य शासनाने तो 'काढावा' असे न म्हणता 'काढू शकेल' असे म्हटले आहे. त्याच कायद्याने मुलांवर निर्वाहखर्चाचे बंधन मात्र टाकले. मुलांना 'पाहिजे' आणि शासनाला 'शकेल', यातच कायद्याचे तत्त्वज्ञान उघडे पडते.

केंद्राच्या वृद्धापकाळ निवृत्तिवेतनात साठ ते एकोणऐंशी वयाच्या व्यक्तीसाठी केंद्राचा वाटा महिना 200 रुपयांवर ठरला, त्याला दशकाहून अधिक काळ लोटला. दरम्यान भाव जवळजवळ दुप्पट झाले. राज्याच्या श्रावणबाळ योजनेत 2023 साली रक्कम 1500 रुपये झाली, ही वाढ स्वागतार्हच होय. परंतु पात्रतेसाठी कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न 21,000 रुपयांच्या आत असावे लागे, म्हणजे महिना 1750. एवढ्यात कोणतेही कुटुंब जगत नाही, हे दाखला देणाराही जाणतो आणि घेणाराही. 2024 साली लाडकी बहीण योजना आली तेव्हा तिच्यासाठी उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख ठेवली गेली आणि वयाची 65. म्हणजे एक लाख उत्पन्नाच्या घरातील बाई चौसष्टाव्या वर्षी 1500 रुपयांची हक्कदार, आणि पासष्टी ओलांडून गुडघे धरले, डोळे गेले, हातचे काम सुटले की शासनाच्या लेखी ती अकस्मात श्रीमंत. मतदार म्हणून मात्र ती अखेरपर्यंत पात्रच असते.

शासनाचा हात असा आखडता असल्यामुळे व्यावसायिक स्त्रियांच्या गटाचा डबा मोलाचा ठरतो. त्याची चेष्टा करण्याचा अधिकार कोणाला नाही. पण कौतुकाच्या भरात एक अडचणीचा प्रश्न झाकला जातो. प्रदर्शनातील पापड लाटले कोणी? झबले कोणाच्या मशीनवर शिवले गेले? पार्लरमधील मुलगी, मसाला कांडणारी, कुरडया घालणारी, डबे पोहोचविणारी, यांच्या वृद्धत्वाची तरतूद काय? किलोवर किंवा नगावर मजुरी घेणारी साठीची बाई दुपारी पापड लाटते, आणि विरंगुळा केंद्रात जे वाटप होते त्याच्या रांगेतही तीच उभी राहते. मजुरीतून जे तिला मिळावयास हवे होते त्याचा एक अंश तिला देणगी म्हणून परत मिळतो, आणि वर आभार तिलाच मानावे लागतात.

अर्थात ज्यांच्याकडे ती काम करते त्या काही भांडवलदार नव्हेत. त्यांचा नफा बेताचा, कर्ज डोक्यावर, आणि स्पर्धा मोठ्या कंपन्यांच्या मालाशी. भविष्यनिर्वाह निधीची सक्ती वीस वा अधिक कामगारांच्या आस्थापनांना असते. यांच्याकडे दोन, चार, फार तर सात जणी, त्याही आपापल्या घरून काम करणाऱ्या. ऐच्छिक योजनांची वाटही अरुंद आहे. 2015 ची अटल पेन्शन आणि 2019 ची श्रमयोगी मानधन या दोन्ही योजनांत चाळिशीपर्यंतच शिरता येते. मुले मोठी झाल्यावर, नवरा गेल्यावर, पंचेचाळिसाव्या वर्षी जी पापड लाटावयास बसते तिला तेथे स्थान नाही. श्रमयोगी मानधनातील साठीनंतरचे 3000 रुपये ठरीव आहेत. भाववाढ सालाला पाच टक्के धरली तरी तीस वर्षांनी त्यांची खरेदीशक्ती आजच्या सुमारे 700 रुपयांएवढी उरेल. दूधवाल्याचे महिन्याचे बिलही त्यात भागावयाचे नाही.

मग मार्ग कोणता? महाराष्ट्राला तो शोधावा लागत नाही, आठवावा लागतो. हमाल एका दिवसात दहा व्यापाऱ्यांचा माल उचली आणि दहाही व्यापारी म्हणत, हा आमचा नोकर नव्हे. 1969 च्या माथाडी कायद्याने या युक्तिवादाचा निकाल लावला. मंडळ नेमले, मजुरी मंडळामार्फत देण्याची व्यवस्था केली, मजुरीवर लेव्ही बसविली आणि तिच्यातून भविष्यनिर्वाह निधी व उपदान उभे केले. मालक एक नसला तरी मालकी जबाबदारी गोळा करता येते, हे त्या कायद्याचे मर्म. घरबसल्या काम करणाऱ्या स्त्रीची स्थिती त्या हमालाहून निराळी नाही. फरक एवढाच की हमाल बाजारात एकमेकांना भेटत होते आणि या बाया आपापल्या स्वयंपाकघरात विखुरलेल्या आहेत.

त्यांना एकत्र आणणारी जागा नेमकी या व्यावसायिक स्त्रियांच्या गटाजवळ आहे. कोणती बाई कोणाकडे किती माल करते, हे त्यांच्या वह्यांत लिहिलेले असते. गटाने स्वतःहून मजुरीच्या रुपयामागे दहा पैसे कामकरणीच्या नावे ठेवण्याचे ठरविले, तर महिना 3000 कमावणाऱ्या बाईच्या खात्यात 300 रुपये पडतील. सात टक्के व्याजाने वीस वर्षांत त्याचे सुमारे दीड लाख होतात. दीड लाखात म्हातारपण निघत नाही, हे कबूल. मालाच्या किमतीत मजुरी चौथा हिस्सा धरली, तर शंभराच्या पापडामागे भार अडीच रुपयांचा. तो गिऱ्हाइकाने सोसावा, एकटीने नव्हे, सर्वांनी एकदम भाव वाढविला तर सोसलाही जाईल. एकटी वाढवील तर तिचे गिऱ्हाईक शेजारच्या टेबलाशी जाईल. लेव्ही कायद्याची हवी ती याचसाठी, आणि ती मागताना गटातील मालकीण कामकरणीच्या विरुद्ध बाजूला उभी असण्याचे कारण नाही. तिच्याही म्हातारपणाला कोणी वाली नाही. दुकान चालते तोवर चालते.

पक्षाच्या शाखांनी या दिवाळीत प्रमुख पाहुणा पाठविण्याऐवजी दोन कार्यकर्त्या वही घेऊन पाठवाव्यात. प्रत्येक टेबलाशी बसून माल कोणी केला त्यांची नावे, वये आणि मजुरीचा दर लिहून घ्यावा. काहीजणी सांगणार नाहीत, काही रागावतील, काही आपल्याच सासूचे नाव सांगतील. गावोगावच्या अशा वह्या एकत्र झाल्यावर कामगार आयुक्तांच्या कचेरीत लेव्हीच्या कायद्याविषयी बोलावयास जाता येईल. तोवर डबा चालू राहिला पाहिजे, आणि त्याच्या खर्चाला शाखेने वर्गणी द्यावी.