समाज आयता मिळत नाही

रविवारी रात्री आठच्या सुमारास नारायण पेठेतील कोणत्याही जुन्या इमारतीचा जिना चढावा. दर दोन-तीन दारांआड एकच दृश्य दिसते. आजी-आजोबा भ्रमणध्वनीच्या पडद्यासमोर बसलेले असतात. येथे निरांजन विझत आलेले असते आणि पलीकडे सकाळचे साडेदहा वाजलेले असतात. नातू एखादा श्लोक म्हणून दाखवतो, अर्ध्यावर अडखळतो, आणि आजी येथून पुढचा चरण पुरवते. अर्ध्या तासाने पडदा काळा होतो आणि घरात पुन्हा दोनच माणसे उरतात.

‘मुलगा कुठे असतो?’ या प्रश्नाचे उत्तर पूर्वी ठरलेले असे: न्यू जर्सी, नाहीतर कॅलिफोर्निया. आता पेठेतल्या घरांतून वेगळीच नावे कानी येतात. पिओरिया, सीडर रॅपिड्स, कोलंबस. ही महानगरे नव्हेत. आपल्याकडील तालुक्याच्या वा लहान जिल्ह्याच्या गावाएवढी ही शहरे. या मुलांविषयी आपल्याकडे दोन मते ठरून गेली आहेत. एक मत अभिमानाचे: पोराने नाव काढले. दुसरे मत आरोपाचे: मायभूमीने शिकवले, फळ परक्यांनी खाल्ले. दोन्ही मते सोपी आहेत आणि दोन्हींनी विचार थांबतो. प्रश्न त्याहून अवघड आहे. आपला माणूस जेथे जातो तेथे समाज उभारतो की नुसता पगार घेतो? आणि तो जेथून गेला, तेथील समाज आपण टिकवला आहे काय?

पुण्याशी धागा असलेले गाव

इंडियाना राज्यातील कोलंबसचेच उदाहरण घेऊ. ओहायो राज्याची राजधानी असलेले प्रसिद्ध कोलंबस निराळे. हे कोलंबस इंडियानापोलिसच्या दक्षिणेस तासाभराच्या अंतरावर, मक्याच्या व सोयाबीनच्या शेतांत वसलेले, सुमारे पन्नास हजार वस्तीचे गाव. १९१९ साली येथे कमिन्स ही डिझेल इंजिने बनवणारी कंपनी स्थापन झाली. १९६२ मध्ये किर्लोस्करांच्या भागीदारीत तिचा कारखाना पुण्यात कोथरूडला आला. १९९१ मध्ये महर्षी कर्वे स्त्री शिक्षण संस्थेचे मुलींसाठीचे अभियांत्रिकी महाविद्यालय कर्वेनगरात सुरू झाले, तेही कमिन्सच्याच नावाने. त्यामुळे पुण्याच्या अभियंत्याला कोलंबस हे काही नकाशावर शोधावे लागणारे गाव नाही.

या गावाची खरी ओळख मात्र इंजिनांपुरती नाही. कंपनीचे दीर्घकाळ प्रमुख असलेले जे. अर्विन मिलर यांनी १९५० च्या दशकात गावापुढे एक प्रस्ताव ठेवला. गावाने शाळा बांधावी, उत्तम वास्तुशिल्पी निवडावा, त्या वास्तुशिल्पीचे शुल्क कंपनीची प्रतिष्ठान-संस्था देईल. पाहता पाहता शाळा, अग्निशमन केंद्रे, अशा सार्वजनिक इमारती जगातील नामवंतांच्या हातून उभ्या राहिल्या. गावातील ग्रंथालयाचा आराखडा आय. एम. पेई यांचा आहे आणि ते १९६९ पासून उभे आहे. एलिएल व ईरो सारिनेन या पितापुत्रांनी बांधलेली दोन चर्चे तेथे आहेत. मिलर हे अत्यंत धर्मनिष्ठ गृहस्थ. १९६० ते १९६३ या काळात ते अमेरिकेतील चर्चच्या राष्ट्रीय परिषदेचे अध्यक्ष होते, आणि ते पद भूषवणारे ते पहिलेच सामान्य गृहस्थ, धर्मोपदेशक नव्हेत. स्वतःच्या धर्मावरील निष्ठा आणि गावावरील प्रेम या दोन गोष्टी त्यांनी एकमेकींपासून तोडल्या नाहीत. आपण हिंदू म्हणवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे असे आहे.

न दिसणारी टांगती तलवार

अशा गावात नवे बिऱ्हाड मांडणाऱ्या मराठी जोडप्याला पहिल्या महिन्यातच कळते की येथे आयते काही नाही. बस जवळजवळ नाही, म्हणून आठवडाभरात मोटार घ्यावी लागते. कामवाली नाही, इस्त्रीवाला नाही, कोपऱ्यावर वाणी नाही. घरासमोरच्या पदपथावरील बर्फ स्वतः काढायचा, गवत वाढले तर नगरपालिकेची सूचना येते. या साऱ्याची सवय होते. हात कामाला लागतात, हे एका अर्थी चांगलेच. घर परवडते, कचेरी दहा मिनिटांवर, मुलांना शाळेची पिवळी बस दारातून नेते. आयुष्य शांत असते.

पण त्या शांततेवर एक तलवार टांगलेली असते आणि ती पेठेतल्या आईवडिलांना सहसा सांगितली जात नाही. एच-१बी परवान्यावरील माणसाची नोकरी गेली तर दुसरी शोधण्यास साठ दिवस मिळतात. महानगरात दुसरी कंपनी समोरच्या रस्त्यावर असते. ज्या गावात एकच मोठी कंपनी, तेथे नोकरी जाणे म्हणजे घर विकणे, मुलांची शाळा सोडणे आणि राज्य बदलणे. आरोग्यविमाही बहुधा नोकरीलाच बांधलेला. स्थायी निवासाच्या परवान्यात कोणत्याही एका देशाच्या वाट्याला सात टक्क्यांहून अधिक जागा नाहीत, त्यामुळे भारतीयांची रांग दशकांच्या हिशेबात मोजली जाते. त्या रांगेत असतानाच मूल एकवीस वर्षांचे झाले तर ते आईवडिलांच्या अर्जातून बाहेर पडू शकते. उच्चशिक्षित पत्नीला नोकरीची मुभा मिळू लागली ती २०१५ पासून, आणि तीही पतीचा अर्ज ठराविक टप्पा ओलांडल्यावर. सप्टेंबर २०२५ मध्ये तर परदेशातून येऊ पाहणाऱ्यांच्या नव्या एच-१बी अर्जांवर एक लाख डॉलर शुल्काची घोषणा झाली. ‘तो तिकडे मजेत आहे’ असे म्हणताना हे सारे आपण ध्यानी घ्यावयास हवे.

उभारलेला समाज

अशा अनिश्चिततेत जगणारी माणसे एकत्र येतात, तेव्हा जे उभे राहते ते पाहण्यासारखे असते. न्यू जर्सीत गणपतीची मूर्ती दुकानात मिळते, भटजी दूरध्वनीवर ठरतो, मोदक विकत येतात. तेथे समाज बऱ्याच अंशी विकत घेता येतो. लहान शहरात तो घडवावा लागतो. चतुर्थी मंगळवारी आली तरी उत्सव शनिवारी, भाड्याने घेतलेल्या शाळेच्या सभागृहात. मूर्ती कोणीतरी अंगणात मातीची केलेली, पूजा सांगणारा स्वतः संगणक अभियंता, मोदक बारा घरांतून आलेले आणि बारा आकारांचे. विसर्जन परसातल्या पिंपात. सतरंज्या घालणारा आणि खुर्च्या उचलणारा एकच. येथे पेठेत ज्याने कधी मंडळाच्या मांडवाची दोरी ओढली नाही, तोच तेथे कार्यकर्ता होतो.

हे एका गावापुरते नाही. १९८१ मध्ये स्थापन झालेल्या बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या छायेत अमेरिकेतील गावोगावची मराठी मंडळे एकत्र आली. मराठी शाळा भरू लागल्या, त्या शिकवणाऱ्या बहुतेक आया आणि काही बाबा, विनावेतन. हिंदू स्वयंसेवक संघाची शाखा तेथे रोज नव्हे, आठवड्यातून एकदा भरते, आणि तिला सारे कुटुंब येते. ‘सेवा दिवाळी’च्या निमित्ताने धान्य जमवून ते स्थानिक अन्नपेढ्यांना दिले जाते. या शेवटच्या गोष्टीला मी सर्वाधिक महत्त्व देतो. कारण परक्या गावात आपला समाज उभारण्याचा एक धोका असतो. आपण आपल्यातच रमतो. शनिवारचे जेवण मराठी घरी, रविवारची सहल मराठी घरांची, आणि शेजारच्या घरात दुःख घडले तर त्याची वार्ता आठ दिवसांनी. पुढे मराठीतही कोकणस्थ-देशस्थ आणि पुणेकर-मुंबईकर अशा चुली मांडल्या जातात. हे संघटन नव्हे, ही कोंडी आहे. ज्या गावाच्या ग्रंथालयात आपली मुले वाढतात त्या गावाच्या शालेय मंडळाच्या सभेस आपण कधी जातो काय, हा प्रश्न तेथील प्रत्येक स्वयंसेवकाने स्वतःस विचारावा.

दोन पूर

समाज आहे की नाही, हे संकटात कळते. ७ जून २००८ रोजी कोलंबसमध्ये हॉ क्रीक या ओढ्याला अचानक पूर आला. घरांत पाणी शिरले, कंपनीच्या तंत्रकेंद्राची हानी झाली, आणि गावच्या रुग्णालयातील रुग्णांना त्याच रात्री बाहेर काढावे लागले. रुग्णालय पुन्हा सुरू होण्यास महिने लागले. अशा वेळी चिखल उपसणाऱ्या माणसाला कोणी ‘तू कोणत्या देशाचा’ असे विचारत नाही. त्या दिवशी हाती फावडे घेणारा गावाचा होतो, खिडकीतून पाहणारा दहा वर्षे राहूनही पाहुणाच राहतो.

हे सांगताना नारायण पेठेला आपला पूर आठवल्याशिवाय कसे राहील? १२ जुलै १९६१. पानशेतचे धरण फुटले, खडकवासलाही तुटले आणि मुठेचे पाणी पेठेत शिरले. नदीकाठचे वाडे मातीच्या ढिगाऱ्यासारखे बसले. अंगावरच्या कपड्यांनिशी बाहेर पडलेल्या कुटुंबांना वरच्या पेठांतील अनोळखी घरांनी आत घेतले. स्वयंसेवक चिखलात उतरले. तेव्हा कोणाकडे दूरध्वनी नव्हता, पण वाड्यातील प्रत्येक बिऱ्हाडात किती माणसे, कोण आजारी, कोणती सून माहेरी गेली आहे, हे शेजाऱ्याला तोंडपाठ होते. ते ज्ञान हीच त्या समाजाची शक्ती होती.

आज तीच पेठ पाहा. वाड्यांच्या जागी इमारती आल्या, त्यांना उद्‌वाहन आले, दाराला सुरक्षेचे लोखंडी जाळीदार दुसरे दार आले. तिसऱ्या मजल्यावरील काकांना रात्री छातीत दुखू लागले तर त्यांचा पहिला फोन इंडियानाला जातो. मुलगा तेथून पुण्यातील मित्राला उठवतो, मित्र कोथरूडहून निघतो. समोरच्या दारातील माणसाला सकाळी रुग्णवाहिकेची हकीकत कळते. सात समुद्रांपलीकडचा मुलगा जवळचा आणि सहा फुटांवरचा शेजारी दूरचा! या दुरवस्थेचा दोष अमेरिकेला देता येणार नाही.

पोकिप्सीतील रक्षा

परदेशगमन आणि आपलेपण यांचा हा झगडा नवा नाही. १८८३ साली आनंदीबाई जोशी एकट्या अमेरिकेस गेल्या. निघण्यापूर्वी श्रीरामपूर येथील भाषणात त्यांनी स्पष्ट सांगितले होते की आपण हिंदू म्हणून जाणार आणि हिंदू म्हणूनच परत येणार. न्यू जर्सीतील रोझेल या लहानशा गावी कार्पेंटर बाईंनी त्यांना लेकीसारखे ठेवून घेतले. १८८६ मध्ये फिलाडेल्फियात त्या डॉक्टर झाल्या आणि परतल्या. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे देहावसान झाले, तेव्हा बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती. त्यांची रक्षा कार्पेंटर बाईंकडे पाठवण्यात आली आणि न्यूयॉर्क राज्यातील पोकिप्सी या मध्यम शहराच्या दफनभूमीत, त्या कुटुंबाच्या जागेत ती आजही आहे. आपला धर्म न सोडताही परक्या घराची लेक होता येते, याचा हा पुरावा आहे. आणि ज्या समाजाने जाताना तिच्यावर टीकेचा भडिमार केला, त्याला तिची सेवा घेण्याचे भाग्य लाभले नाही, हाही धडा त्यातच आहे.

आपले काम

तेव्हा गेलेल्यांना दूषणे देण्याचे सोडावे आणि त्यांच्या डॉलरांनी दिपून जाणेही सोडावे. मुलांशी मोकळेपणाने बोलावे. परवाना, नोकरी, परतण्याचा विचार, आपल्या वार्धक्याचा प्रश्न, हे विषय रविवारच्या अर्ध्या तासात श्लोकाइतकेच महत्त्वाचे आहेत. परत यावेसे वाटणाऱ्याला ‘लोक काय म्हणतील’ या भीतीने अडवू नये. परतणे हा पराभव नव्हे.

आणि पेठेतील कार्यकर्त्यांपुढे काम अगदी साधे आहे. गणेशोत्सवास सार्वजनिक रूप देणाऱ्या लोकमान्यांचा वाडा याच पेठेत आहे. त्या उत्सवाचा हेतू दहा दिवसांच्या रोषणाईपुरता नव्हता. प्रत्येक मंडळाने, प्रत्येक शाखेने आपल्या गल्लीतील एकट्या राहणाऱ्या वृद्धांची यादी करावी. रक्तगट, डॉक्टरांचे नाव, परदेशातील मुलाचा क्रमांक, घराची दुसरी किल्ली कोणाकडे, एवढे त्यात असले तरी पुरे. दोन तरुणांनी आठवड्यातून एकदा त्या दारावर थाप मारावी, चहा घ्यावा आणि निघावे. यास निधी लागत नाही, पावतीपुस्तक लागत नाही.

कोलंबसमधील आपला मुलगा शनिवारी शाळेच्या सभागृहात सतरंज्या घालतो, कारण तेथे त्याच्यासाठी त्या घालणारे दुसरे कोणी नाही. आपल्या पूर्वजांनी येथे घातलेल्या सतरंजीवर आपण मात्र इतकी वर्षे बसून आहोत की ती खाली आहे, हेही विसरलो. ती आता विरली आहे. समोरच्या दारावर थाप मारण्यापासून तिची डागडुजी सुरू करता येईल, आणि तीही आज रात्रीच.